दोन डाव्या बाजूंचा कोट

मास्तर माप लिहीत नसे. छातीभोवती टेप फिरवायची, खांदे बोटांनी एकदा चाचपायचे, बाही, पाठ, उंची, आणि "झालं, या पुढच्या आठवड्यात," म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं. नवखं गिऱ्हाईक दारापर्यंत जाऊन परत फिरायचं. "मास्तर, लिहून नाही घेतलंत?" मास्तर नुसता हसायचा. उत्तर द्यायची ती त्याची बायको, कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसून काजं करणारी. "कोट अंगाला बसला नाही तर आणून माझ्या अंगावर टाका," असं ती ठणकावून सांगायची. एकतीस वर्षांत तिच्या अंगावर एकही कोट पडला नव्हता.

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत ती कधी शिकवायला गेली नव्हती, पण शिंप्याला मास्तर म्हटल्यावर त्याची बायको आणखी काय होणार? शिवाय स्वभाव तसाच. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि नवऱ्याविषयी बोलायला लागली की समोरच्याला जांभई आली तरी थांबायचं नाही. कुणाचा नवरा कुठे साहेब झाला हे कानावर आलं की ती म्हणायची, "असेल बाई. पण त्याच्या अंगातला कोट कुणी कापलाय ते विचार."

दुकान लहान. समोर काच, मागे भिंतीला लागून दोन मशिनं, त्यांतल्या एकावर मशीनवाला मामा. हा कुणाचा मामा होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण वीस वर्षं तो मामाच होता. आणि मधोमध कटिंगचं टेबल. मास्तरच्या कमरेला बरोबर यावं म्हणून त्याच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे ठोकलेले. त्या टेबलावर चहाचा कप ठेवायची कुणाची छाती नव्हती. शिवायला काय, शिकवलं तर कुणीही शिवेल, असं मास्तर म्हणायचा, पण कापलेलं परत जोडता येत नाही. कात्री ज्याच्या हातात, मास्तर तो. ती हातातून गेली की मागे उरतो तो दुकानात बसणारा एक म्हातारा, आणि हे त्याच्याइतकंच मास्तरीणलाही पक्कं माहीत होतं.

त्या वर्षी अग्निशमन दलाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि दलाच्या बँडला नवे कोट हवे होते. तेरा वाजवणारे आणि चौदावा बँडमास्तर. काम मास्तरकडे आलं तेव्हा मास्तरीणने ती बातमी कोपऱ्यावरच्या बेकरीपासून पार टपाल कचेरीपर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचवली. कापड गर्द लाल, लोकरी, एका अंगाला मऊ लव असलेलं, त्यामुळे पालथं वापरता न येणारं. दलाने ते खास विणून घेतलं होतं आणि अगदी मोजकं दिलं होतं. त्या रंगाचा तुकडाही बाहेर कुठे मिळणार नव्हता.

कापड मोजकं, म्हणून मास्तर ते दुहेरी न घालता एकेरी कापत होता. पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, माणसाच्या मापाप्रमाणे खडूने वाढवायचं-कमी करायचं, कापायचं. मग साचा पालथा करून दुसरी बाजू. असे दहा कोट कापून झाले. अकरावा ट्रंपेटवाल्याचा.

सकाळी मास्तरीणने त्याचे पुढचे दोन भाग कच्चा टाका घालायला मांडीवर घेतले. एकावर एक ठेवले, जुळेनात. एक फिरवला. मग दुसरा फिरवला. गळ्याचा बाक दोन्हीकडे एकाच दिशेला वळत होता. मास्तर थट्टा करतोय असंच तिला आधी वाटलं, कारण चाळीस वर्षं कात्री चालवणाऱ्या माणसाच्या हातून हे होणं शक्यच नव्हतं.

"अहो, ट्रंपेटवाल्याला दोन डाव्या बाजू आहेत का?"

मास्तर आला. त्याने दोन्ही भाग टेबलावर पसरले, लवेवरून तळवा फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पूर्वी हा माणूस डोळे मिटून नुसत्या तळव्याने कापडाची सुलट बाजू सांगायचा.

"कापडच उलटं-सुलटं विणलंय," तो म्हणाला.

"कापडाला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलताय होय? साचा पालथा करायला विसरलात तुम्ही!"

मामाने मशीन थांबवलं.  मास्तर टेबलाची कडा धरून उभा राहिला, आणि मास्तरीणला तो जरा जास्तच फाकून उभा आहे असं दिसलं, होडीत उभं राहावं तसा.

खरं तर हे आज सुरू झालं नव्हतं. गेलं वर्षभर काहीबाही चाललं होतं आणि तिने ते वयाच्या नावावर खपवलं होतं. छप्पन्न हे काय वय आहे? मास्तर इस्त्री चालू ठेवून जेवायला बसायचा. तीच गोष्ट दोनदा विचारायचा आणि आठवण करून दिली की चिडायचा. बोलता बोलता मधेच थांबायचा आणि पुढचं वाक्य कुणीतरी आणून देईल म्हणून वाट बघायचा. मशीनवर बसला तर पाय पायट्यावरून घसरायचा. "लक्ष कुठे असतं तुमचं?" असं ती दिवसातून दहादा म्हणायची, आणि तेवढ्याने बायकोचं काम झालं असं समजायची. पुढे कित्येक दिवस हे आठवून तिला स्वतःचीच चीड येत राहिली.

त्या दुपारी तिला फरशीवर लाल ठिपके दिसले. टेबलापासून मोरीपर्यंत. आधी तिला वाटलं, त्या कापडाचे धागे पडलेत. वाकून बघितलं तर ओले. मास्तरला स्टुलावर बसवून तिने त्याचा मोजा काढला. टाचणी टाचेत डोक्यापर्यंत रुतलेली होती.

"कधी टोचली ही?"

"काय टोचलं?" मास्तर म्हणाला.

 तिने टाचणी उपसली. त्याने पायाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा पाय होता. मग तिने दुकानाची काच ओढून घेतली आणि मामाला सांगितलं, "आम्ही डॉक्टरबाईंकडे जाऊन येतो."

डॉक्टरबाई म्हणजे एचआयव्हीच्या डॉक्टर. अठरा वर्षांपूर्वी मास्तर अंथरुणाला खिळला होता. सहा महिने ताप, अंगात नुसती हाडं. तेव्हा तपासणीत ते निघालं. मास्तरीणच्या रक्तात नव्हतं. तो विषाणू कुठून आला, कसा आला, यावर नवरा-बायको एकदाच बोलले होते. त्या दिवशी मास्तरीणने दोन ताटल्या फोडल्या, तीन दिवस अबोला धरला, आणि चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या हातावर गोळी आणि हातात पाण्याचा पेला दिला. तो विषय तिथे मिटला. तेव्हापासून आजवर एकही गोळी चुकली नव्हती. रक्ताचा अहवाल दर वेळी तोच यायचा, विषाणू मोजण्याइतकाही दिसत नाही. मास्तरीण तो अहवाल परीक्षेच्या निकालासारखा फाइलला लावायची. म्हणून तर त्या वर्षभरात दोघांच्याही मनात त्याचं नाव आलं नाही.

डॉक्टरबाईंनी मास्तरला मोजे काढून बसवलं. दोन दातांचा एक धातूचा काटा टेबलावर आपटून थरथरता केला आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"थरथर थांबली की सांगा."

"सुरू केव्हा करणार?" मास्तरने विचारलं.

मास्तरीणने तोंड फिरवलं. काटा घोट्यावर टेकवला तेव्हा त्याला काही कळलं नाही. गुडघ्याशी कळलं.

मग वेगळ्याच खोलीत वेगळ्याच परीक्षा. एका पाटीवर भोकं आणि त्यांत बसवायच्या खुंट्या, घड्याळ लावून. मास्तरची बोटं म्हणजे काय चीज होती ते त्या खोलीत फक्त मास्तरीणला ठाऊक होतं, आणि आता तीच बोटं एक खुंटी तीनदा खाली पाडत होती. आकडे उलट्या क्रमाने म्हणायला सांगितले. दहा शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने विचारले. मास्तरला चार आठवले. पाचवा त्याने मनचा घातला आणि मास्तरीणकडे बघितलं. ती होकारार्थी मान हलवणार होती, पण डॉक्टरबाईंनी तिला आधीच ताकीद दिली होती.

रक्त तपासलं, जीवनसत्त्वं, साखर, सगळं. मेंदूचा फोटो निघाला. शेवटी पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. मास्तर कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला आणि त्या सुईच्या वेळी त्याने बायकोचा हात धरला नाही, तिचा पदर धरला. दहा दिवसांनी डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"तुमच्या रक्तात विषाणू दिसत नाही. पण कण्यातल्या पाण्यात आहे. मेंदूच्या वाटेवर कडक पहारा असतो, रक्तातलं सगळंच आत जाऊ देत नाहीत. तुमची सध्याची औषधं आत पुरेशी पोहोचत नाहीत आणि तो आत बसून राहिलाय."

"म्हणजे वेड लागणार?" मास्तरीणने सरळ विचारलं. तिला गोल गोल बोलणं जमत नसे.

"नाही. वेड वेगळं. यांचं डोकं चालतं, पण हळू चालतं. एका वेळी दोन गोष्टी धरल्या की एक निसटते. नवं पटकन टिकत नाही. जुनं, हाताला बसलेलं, ते मात्र बरंचसं शाबूत असतं. पायांचं म्हणाल तर सगळ्यांत लांब नसा पायांच्या, त्या आधी मार खातात. मग हाताची बोटं. काही त्या विषाणूने केलंय, काही सुरुवातीच्या गोळ्यांनी. तेव्हा त्याच होत्या, त्यांनीच तर जीव वाचवला."

औषधं बदलली. दोन-तीन महिन्यांत डोक्याचा वेग काही परत येईल, किती ते सांगता येणार नाही, पायांचं फार धरून चालू नका, रोज पायाचे तळवे डोळ्यांनी बघा, असं त्या म्हणाल्या. मग मास्तरकडे वळून म्हणाल्या, "आणि सगळं लिहून ठेवायचं. एका वेळी एकच काम. झालं की खूण करायची."

"लिहून?" मास्तर म्हणाला. "मी?"

त्या आजाराने त्याचे पाय नेले तेव्हा तो एवढा दुखावला नव्हता.

दुकानात परत आल्यावर त्याने उरलेलं लाल कापड गुंडाळलं आणि टेबलावर पांढरी चादर टाकली. बँडमास्तर दलाच्या कामाने दोन महिन्यांच्या दौऱ्यावर गेला होता, तो आला की कापड परत करायचं, असं त्याने मामाला सांगितलं. बायकोला सांगितलं नाही. ती ऐकत होतीच.

मास्तरीणने पहिले चार दिवस स्वतःला आवरलं. हे तिच्या आयुष्यातले सगळ्यांत लांब चार दिवस. पाचव्या दिवशी तिने एका पाद्र्याच्या पँटचं काम मुद्दाम घेतलं आणि टेबलावरची चादर काढून फेकली. "मामाला कापता येत नाही, मला येत नाही. आता या माणसाला उघड्या पायांनी पाठवू का?"

मास्तरने पँट कापली. तिने ती त्याची पाठ वळल्यावर टेप लावून तपासली. मग दुसऱ्याचं जाकीट, तेही तपासलं. तिसऱ्या वेळी तो मोरीतून लवकर बाहेर आला.

"माझ्यामागे तपासतेस?"

मामाने मान खाली घालून मशीन जोरात चालवायला सुरुवात केली. सुईत दोरा नव्हता.

"हो, तपासते," मास्तरीण म्हणाली. तिला खोटं बोलायचं होतं, पण राग आधी आला. "एकतीस वर्षं मी काजं करते आणि एकतीस वर्षं तुम्ही प्रत्येक काज उजेडात धरून तपासता. मी कधी चादर ओढून बसले? पहिल्या वर्षी तर निम्मी उसवायला लावलीत. तेव्हा माझी अब्रू गेली नाही आणि आता तुमची जाते होय?"

"तुझी काजं वाकडी व्हायची."

"आणि तुमच्या कोटाला दोन डाव्या बाजू झाल्या!"

 मग मास्तरच्या खांद्यांना आधी हिसका बसला आणि मागून हसू आलं. असा तो वर्षभरात हसला नव्हता. मामाही हसला, मग सुईत दोरा ओवायला लागला.

त्याच दुपारी मास्तरने लाल कापड पुन्हा उलगडलं. ट्रंपेटवाल्याला उजवी बाजू हवीच होती आणि ती कापली तर बँडमास्तरच्या कोटाला कापड पुरणार नव्हतं. मास्तरीणने मनातल्या मनात चारदा हिशेब घातला आणि चारदा हात टेकले. मास्तर टेबलाशी उभा राहिला. खडू नाही, साचा नाही. फुकट गेलेली डावी बाजू त्याने उचलली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली, लवेची दिशा डोळ्यांनी बघून घेतली, कारण तळव्याचा आता भरवसा नव्हता.

"कॉलर यातून," तो म्हणाला. "खिशांच्या झडपा यातून. बाह्यांच्या टोकाचे उलटे पट्टे तिरपे काढायचे. आतली पट्टी खांद्याखाली जोडायची, तिथे कुणी बघत नाही. म्हणजे मोठं कापड मोकळं राहतं. अंगाला आणि बाह्यांना पुरतं. इकडची बोटभर पट्टीसुद्धा उरणार नाही, पण पुरतं."

तो थांबला. "आज वार कोणता गं?"

"गुरुवार," ती म्हणाली, आणि तिला रडू आणि हसू एकदमच आलं. वार हरवलेल्या या माणसाने जे आत्ता उभ्या उभ्या बसवलं, ते शहरातल्या एकाही शिंप्याला बसवता आलं नसतं. हे तिने उद्या बेकरीत सांगायचं ठरवलं.

पुढचे सहा आठवडे दुकानाची रीतच बदलली. मास्तर एक भाग कापायचा आणि थांबायचा. मास्तरीण त्याला उजव्याला हिरवा दोरा, डाव्याला पांढरा असा टाका घालायची. साचा पालथा केल्याशिवाय मामा मशीन पुढे चालवायचा नाही, आणि मास्तर विसरला की दुकानात जी शांतता व्हायची तिनेच त्याला आठवायचं. पूर्वी दिवसाला एक कोट कापणारा माणूस आता तीन दिवसांना एक कापत होता. दुकानात एक वही आली. तिला मास्तर हात लावत नसे, उरलेल्या दोघा वाजवणाऱ्यांचं असो की आणखी कुणाचं, माप घेताना आकडे पुटपुटायचा आणि मास्तरीण गुडघ्यावर वही ठेवून, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी, लिहून घ्यायची. नव्या गोळ्यांनी वाक्यं मधेच तुटायची थांबली. पायांच्या तळव्यांना मात्र आता आग व्हायला लागली, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या की होऊ दे, काहीतरी होतंय ना.

तेरा कोट हँगरवर लागले. ट्रंपेटवाल्याचा त्यांत कुठला हे आता स्वतः ट्रंपेटवाल्यालाही ओळखता आलं नसतं.

मग बँडमास्तर दौऱ्यावरून परतला आणि सकाळी अकराच्या सुमाराला दुकानात आला. आडवा, भरदार माणूस, आवाज आधी आणि मागून तो. त्याने तेरा कोट हाताने सरकवत सरकवत बघितले आणि शीळ घातली. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, बेकरीवाली आणि एक चष्मेवाले निवृत्त गृहस्थ. बँडमास्तरने अंगातलं जाकीट उतरवलं आणि त्याची नजर मास्तरीणच्या गुडघ्यावर गेली.

"हे काय मास्तर? वही? तुमच्या दुकानात वही?"

"माझी आहे ती," मास्तरीण घाईघाईने म्हणाली. "मला आपली सवय, काहीतरी खरडत बसायची."

आयुष्यभर या बाईने नवऱ्याची बढाई मारली होती, पण त्याच्यासाठी खोटं बोलायची तिच्यावर ही पहिलीच वेळ, आणि ते तिला अजिबात जमलं नाही. बेकरीवालीने मान वर केली.

"वही माझी आहे," मास्तर म्हणाला.

त्याने टेप गळ्यातून काढली आणि टेबलावर ठेवली. तो सावकाश बोलला. सावकाश बोलणं आता त्याचं नेहमीचंच झालं होतं, पण आज त्यात घाबरणं नव्हतं.

"मला एचआयव्ही आहे. अठरा वर्षं झाली. माप घेऊन किंवा मी शिवलेला कोट घालून तो कुणाला होत नाही, त्याची काळजी नको. पण तो माझ्या मेंदूत आणि पायांच्या नसांत शिरलाय. मला लक्षात राहत नाही. बोटांना पूर्वीसारखं कळत नाही. तुमच्या ट्रंपेटवाल्याच्या मी दोन डाव्या बाजू कापल्या होत्या. ती चूक मी भरून काढलीय, पण तुमच्या कोटाला आता बोटभरही जास्तीचं कापड नाही. एकदाच कापता येईल. दुसऱ्या शिंप्याकडे न्यायचं तर आत्ता न्या. कसं कापायचं ते मी त्याला समजावून देईन."

चष्मेवाले गृहस्थ वर्तमानपत्राच्या आड गेले.  एकतीस वर्षांचं नाव या बाकावर बसलेल्या बाईच्या तोंडून संध्याकाळपर्यंत कुठे कुठे पोहोचेल हे मास्तरीणला नेमकं ठाऊक होतं, कारण बातम्या पोहोचवायची ती वाट तिनेच तयार केली होती. आणि तरीही तिला त्याला थांबवावंसं वाटलं नाही.

बँडमास्तरने लाल कापडाकडे बघितलं. मग हँगरवरच्या ट्रंपेटवाल्याच्या कोटाकडे बघायचा प्रयत्न केला, पण कुठला ते त्याला सापडेना.

"माझं माप कसं घेणार?" त्याने विचारलं.

"दोनदा. दोन्ही आकडे जुळले तर कापणार. नाही जुळले तर तिसऱ्यांदा."

"मग घ्या की," बँडमास्तर म्हणाला आणि दोन्ही हात बाजूला उचलून उभा राहिला. "पोट आत घेऊ का?"

"नको. या कोटात तुम्हाला श्वासही घ्यायचाय."

बेकरीवाली हसली. मास्तरने टेप फिरवली, छातीवर आणून जुळवली, वाकून बघितलं.

"चव्वेचाळीस."

मास्तरीणने लिहिलं. या खेपेला वही गुडघ्यावर नव्हती, ती टेबलाच्या कोपऱ्यावर होती. मास्तरने टेप सोडली, सरळ केली, पुन्हा फिरवली.

"चव्वेचाळीस."

मामाचं मशीन थांबलं. मास्तरीणच्या ओठांवर आलं होतं, पहिल्या वेळी टेप पाठीमागे पिळली होती, मी बघितलं. तिने जीभ दाताखाली धरली. मास्तर दोन्ही आकड्यांकडे बघत उभा राहिला. मग तो बँडमास्तरला वळसा घालून त्याच्या पाठीमागे गेला. पाय जपून टाकत, फाकत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बोटांना जे कळत नव्हतं ते त्याने डोळ्यांनी बघून घेतलं, पाठीवरची टेप सपाट केली, तसाच वळसा घालून पुढे आला आणि वाकला.

"बेचाळीस," तो म्हणाला. आणि मग बायकोकडे वळून, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात, "पहिला आकडा खोड. तो चुकला होता."

मास्तरीणने खोडला. नवऱ्याचा अभिमान ती एकतीस वर्षं मिरवत आली होती, पण तो त्याच्या न चुकण्याचा होता. आज छातीत जे भरून आलं ते त्या अभिमानात मावेना. तिला समोरची वही दिसेनाशी झाली.

"रडतेस काय?" मास्तर म्हणाला. "बाही घेतोय, लिही."